पाझरणारी भिंत

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून नदीच्या काठापर्यंत सात पावलं उरली होती. मिस्त्री रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ती मोजायचा. मोजतोय हे कुणाला कळू नये म्हणून हातात तांब्या घ्यायचा आणि झाडाला पाणी घालायला निघाल्यासारखा चालायचा. पण तिथं झाड कुठलंच नव्हतं, आणि त्याच्या बायकोला डोळे होते.

"किती?" ती चुलीपुढून विचारायची.

"काय किती?"

"जे मोजून आलात ते."

"सात."

"काल पण सातच म्हणालात."

"काल साडेसात होती."

पूर ओसरून महिना झाला होता. नदी आता खाली, अंग चोरून वाहत होती. पण काठ आतून ओला होता आणि सुटत होता. दिवसातून दोन-तीनदा मातीचं ढेकूळ निघायचं आणि पाण्यात पडायचं. धप्. जेवताना तो आवाज आला की तिघांचे हात ताटावरच थांबायचे. पुढचा आवाज येतो का ते ऐकायचे. नाही आला की घास पुन्हा तोंडाकडे जायचा, पण त्याची चव गेलेली असायची. बायकोनं तर रोज संध्याकाळी कपडे, भांडी, कागदपत्रं यांचं गाठोडं बांधायला सुरुवात केली होती. सकाळी सोडायची, संध्याकाळी बांधायची.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे मिस्त्रीची वहिनी, थोरल्या भावाची बायको. पुढच्या अंगणात फुटक्या डब्यांत, पिशव्यांत ती रोपं वाढवायची आणि विकायची. तिच्या बोटांना कायम ओल्या मातीचा वास. मिस्त्रीशी ती तीन वर्षं बोलली नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्यानं या काठाला दगड-सिमेंटची पक्की भिंत बांधली होती. त्याच पावसाळ्यातल्या पुरात ती पडली, आणि तिच्याखाली थोरला होता. वहिनीनं बोल लावला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. फक्त दिराशी बोलणं थांबवलं. एका चुलीवरचं जेवायचं, एका उंबऱ्यातून जायचं, आणि शब्द मात्र धाकट्या जावेच्या हाती धाडायचे.

"त्यांना सांग, मीठ इकडं सरकवा."

"दोन हातांच्या अंतरावर बसलेत, ऐकलं त्यांनी," बायको म्हणायची. "मी काय टपाल आहे?"

तोवर मीठ सरकलेलं असायचं.

त्या दिवशी मात्र वहिनी म्हणाली, "त्यांना सांग, उद्या माझ्याबरोबर खालच्या वळणाला चला. दाखवायचंय काही."

बायकोनं निरोप पुढं दिलाच नाही. खालच्या वळणावर पडलेल्या भिंतीचे दगड वाहत जाऊन थांबले होते. मिस्त्री तीन वर्षांत तिकडं फिरकला नव्हता. कामाला जायचा तर लांबच्या रस्त्यानं जायचा.

"जाईन," तो ताटाकडे बघत म्हणाला.

*

वळणावर पाणी घोट्याएवढं होतं. वहिनी पुढं, मिस्त्री मागं, त्याच्यामागं बायको, दोघांच्या मध्ये पडायची वेळ आलीच तर म्हणून.

मिस्त्रीनं आपले दगड ओळखले. आई जशी गर्दीत लेकरं ओळखते तसे. हा कोपऱ्याचा, हा बसायला दोन दिवस घेतलेला. सगळे सुटे, उताणे. पण त्या सगळ्यांच्या मधोमध, भिंतीचं टोक जिथवर पोचलं होतं तिथं, तिचा एक तुकडा अजून उभा होता. पुरुषभर उंच, दोन हात रुंद. आजूबाजूचा काठ नदीनं खरवडून नेला होता आणि हा तुकडा, पाठीशी मातीचा गड्डा धरून, तसाच. त्याच्या दगडांमधल्या, सिमेंट निघालेल्या दरजांतून वाळुंज फुटलं होतं. नदीकाठी कुठंही फांदी खोचली की मूळ धरतं ते वाळुंज. पुरात कुठून तरी मोडकी फांदी वाहत आली असेल, फटीत अडकली असेल आणि जगली असेल.

मिस्त्रीचा हात आपोआप पुढं झाला. दरजेत हिरवं दिसलं की उपटायचं. पंधराव्या वर्षापासून त्या हाताला हेच वळण. बांधकामात झाड म्हणजे भिंतीचं मरण. त्यानं बुंधा मुठीत धरला.

वहिनीनं त्याचं मनगट पकडलं.

"उपटू नका, भावजी."

बायकोनं तोंडावर पदर घेतला. तीन वर्षांनी आलेला तो शब्द पाण्यावरून वाहत गेला, कुणी धरला नाही.

"मी दर आठ दिवसांनी येते इथं," वहिनी म्हणाली. मनगट सोडलं नव्हतं. "आधी वाटलं, दगडांनी झाड वाचवलंय. उन्हाळ्यात सगळं करपलं तेव्हा हे हिरवं होतं, दगडाच्या सावलीत मुळाशी ओल राहिली म्हणून. मग पूर आला. तेव्हा बघितलं, झाड दगडांना धरून होतं. माझ्या रोपांत असं बघितलंय मी. शेंगेच्या वेलाच्या मुळाला गाठी असतात बारीक. त्यात कोण राहतं ते दिसत नाही, पण ते वेलाला पोसतं आणि वेल त्याला. गाठी खुडल्या की वेल पिवळा पडतो. तुम्ही एकट्यानं भिंत बांधलीत, पडली. मी एकटीनं काठावर रोपं लावली, गेली. आता दोघांनी मिळून बांधायची. तुम्ही दगड रचा, मी फांद्या भरते. सिमेंट नाही घालायचं."

'दोघांनी मिळून' या शब्दांपेक्षा मिस्त्रीला तो हात जास्त नकोसा झाला होता. गार आणि घट्ट. या बाईला काय माहीत आहे आणि काय नाही, हे तीन वर्षं त्याला कळलं नव्हतं. आताही कळत नव्हतं.

"फटी ठेवून भिंत उभी राहत नाही, वहिनी."

"मग ही कशी उभी आहे?"

*

थंडी पडली, सात पावलांची तीन उरली, तशी त्यांनी घरामागच्या काठावर कामाला सुरुवात केली. पाया बैलगाडीभर रुंद, त्यात मोठाले धोंडे. पहार घालून तिघांनी ढकलले. बायकोच्या अंगठ्याचं नख गेलं, तिनं चिंधी बांधली आणि पुन्हा पहारीला लागली. वरचा थर मिस्त्री एकट्यानं बसवायचा. प्रत्येक दगड थोडा मागं, काठाच्या अंगावर रेललेला. ओळंबा धरायची सोय नव्हती, भिंत मुद्दाम तिरपी. त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

एक थर झाला की वहिनी वाळुंजाच्या फांद्या आणायची. अंगठ्याएवढ्या जाड, दोन हात लांब, बुडखे तासलेले. आडव्या मांडायची, बूड मागच्या मातीत खोल, शेंडा भिंतीबाहेर वीतभर. वर माती दाबायची आणि म्हणायची, "ठेवा आता."

पहिल्या दिवशी त्यानं ठेवलेल्या दगडाखाली फांदी कचकन मोडली.

"जीव आहे त्यात," वहिनी म्हणाली.

"दगडालाही वजन आहे."

"मग वजन कुठं टाकायचं ते तुम्हाला कळत असेल की."

त्यानं दगड काढला. उलटा करून पाहिला, छन्नीनं पोटाला बोटभर खाच घेतली आणि फांदीवर असा ठेवला की दोन्ही टोकं टेकली आणि मधे फांदी सुखरूप राहिली. वहिनीनं वाकून फटीतून बघितलं. पुढची फांदी तिनं त्या खाचेच्या मापाची निवडून आणली. त्यानंतर ते असंच चाललं. तो दगड बघून फांदी सांगायचा, ती फांदी बघून दगड सांगायची. जिथं फांद्या वळायला नाखूश, तिथं त्यानं भिंतच वळवली, आत कमान घेतल्यासारखी. तशी भिंत त्यानं जन्मात बांधली नव्हती. कुणीच बांधली नसावी. कधीकधी दुपारी भान हरपून दोघं एकाच दगडावर वाकलेले असायचे आणि बायको लांबून बघत गुणगुणायची:

दगडाच्या मांडीवर फांदी टेकविते डोई,
पाणी जाई वाटेनं गं, घर माझं जागी राही.

नदीपलीकडून लोकांना आणणारा नावाडी रोज होडी हळू करायचा. "काय मिस्त्री, दात पडलेल्या म्हातारीसारखी भिंत! सगळ्या फटीच." आणि दोघांना एकत्र निघालेलं बघून, "निघाले, म्हैस आणि बगळा निघाले चरायला!"

"म्हैस कोण आणि बगळा कोण, तेवढं सांगून जा," बायको ओरडायची.

"ते तुम्ही घरात ठरवा!"

हसू यायचं, पण फार टिकायचं नाही. कारण मिस्त्रीला एक गोष्ट बघवायची नाही. वहिनी रचलेल्या थरावर चढून उभी राहायची. खाली पाणी, मागं ओला काठ, आणि ती भिंतीच्या माथ्यावर फांद्या कवटाळून.

"खाली उतरा, वहिनी."

"तुम्हीच रचलीय ना?"

"म्हणूनच म्हणतोय."

ती उतरायची नाही. तो पाठ फिरवून दगड घडायला लागायचा, आणि घाव चुकायचे. फटी तर त्याला डसायच्या. काम संपलं की छन्नी-हातोडा धुताना त्याची नजर एकेका दरजेवरून फिरायची, आणि बोटं मांडीवर आपसूक सारवल्यासारखी हलायची.

*

उन्हाळ्यात तिघांनी घागरी वाहिल्या. बऱ्याच फांद्या वाळल्या, त्याहून जास्त फुटल्या. भिंतीला पोपटी अंकुर आले. मिस्त्रीनं एकदा एक वाळकी फांदी ओढून पाहिली तर आली नाही. आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. त्याला दचकायला झालं. त्यानं वहिनीला सांगितलं नाही.

मग वरच्या अंगाला पाऊस लागला. इथं थेंब नाही आणि नदी मात्र सकाळपासून गढूळ, चढती. दुपारपर्यंत पाणी पायाच्या धोंड्यांवर आलं. आभाळ शिशासारखं झालं आणि पाऊस सुरू झाला. घरामागची जमीन आधीच प्यालेली. नावाड्याचं घर उंचावर होतं, त्यानं जागा दिली. दोघी बायका गाठोडी, धान्य आणि रोपांचे डबे घेऊन तिकडं फेऱ्या मारू लागल्या. मिस्त्री भिंतीपाशी थांबला.

तिसऱ्या फेरीला त्या गेल्या तेव्हा भिंत पाझरायला लागली.

आधी एका फटीतून. मग दोन, मग सगळीकडून. लाल पाणी, बोटाएवढ्या धारांनी, फांद्यांच्या मधून भिंतीबाहेर येत होतं. मिस्त्रीला आवाज ऐकू येईना, नदीचा नाही, पावसाचा नाही. थोरला गेला त्या दिवशीही असंच झालं होतं. त्या दिवशीही दुपारी भिंत गळायला लागली होती, आणि मग पडली होती. गळणारी भिंत म्हणजे जाणारी भिंत. इतकी वर्षं तो हेच शिकला होता, हेच इतरांना शिकवत आला होता.

जोत्याच्या दुरुस्तीला ठेवलेलं अर्धं पोतं सिमेंट पडवीत होतं. त्यानं घमेल्यात घट्ट कालवलं. काठावरून उतरला, कमरेएवढ्या पाण्यात भिंतीला छाती लावून उभा राहिला आणि एकेक दरज बुजवू लागला. चिंध्या कोंबायच्या, कपच्या ठोकायच्या, वर थापी फिरवायची. काम सफाईदार होत होतं. हातांना दुसरं येतच नव्हतं. कोवळे शेंडे थापीखाली चिरडत होते. चाळीसेक फटी त्यानं बुजवल्या. धारा थांबल्या. वर येऊन तो चिखलात बसला, धापा टाकत, आणि त्याला बरं वाटलं. भिंत अखंड दिसत होती. घरासारखी.

वहिनी परत आली ती पळतच. काठावर येऊन तिनं खाली वाकून बघितलं.

"पाणी कुठं गेलं?"

"थांबवलं."

"थांबवलं म्हणजे?" तिनं पाय आपटला. जमीन गादीसारखी खाली गेली आणि वर आली. तिच्या पायाच्या दोन्ही बाजूंनी, भिंतीला समांतर, केसाएवढी चीर पळत गेली. बायको मागं येऊन उभी होती, ती किंचाळली, "अहो, भिंत बघा!"

भिंतीनं पोट काढलं होतं. मधोमध, वीतभर पुढं. त्याच्या डोळ्यांदेखत एक कपची टक्कन उडाली आणि नदीत पडली. थांबवलेलं पाणी कुठंच गेलं नव्हतं. ते भिंतीमागं साचत होतं, भरत होतं, आणि घर त्याच्यावर उभं होतं.

तेव्हा त्याला कळलं. आजचंच नाही, थोरला गेला त्या दिवसाचंही कळलं.

"पुढच्या दाराला जा," तो बायकोला म्हणाला. "आत जाऊ नको. लांब उभी राहा." छन्नी-हातोडा घेऊन तो उतरला. आता त्या पोटाखाली उभं राहून ठोकायचं होतं. पाणी छातीपर्यंत आलं होतं. पहिली बुजवण त्यानं फोडली, पाण्याची धार तोंडावर बसली. दुसरी फोडली. शेजारी धपकन आवाज झाला. वहिनी पाण्यात उतरली होती, हातात कोयता.

"वर जा, वहिनी! पडली तर—"

"वर उभी राहून एकदा बघितलंय मी."

तिनं कोयत्याचं टोक दरजेत घातलं आणि पिळलं. सिमेंट अजून ओलं होतं, गोळ्यांनी निघत होतं. दोघं शेजारी शेजारी, भिंतीला गाल लावून, आंधळ्यासारखे हातांनी फटी शोधत होते. वरून माती डोक्यावर गळत होती. मिस्त्रीला भिंत आतून बोलताना ऐकू येत होती, दगडावर दगड घासल्याचा तो बारीक, दात खाल्ल्यासारखा आवाज. त्याच्या घशातून आपोआप कण्हणं निघत होतं, थांबवता येत नव्हतं.

"किती राहिल्या?" वहिनी ओरडली.

"माहीत नाही! कोपऱ्याकडच्या!"

कोपरा मात्र थांबला नाही. त्यानं तिकडं पाऊल टाकलं तेवढ्यात कोपऱ्याचा दोन हातांचा भाग हळूच, कंटाळलेल्या माणसासारखा, पुढं झुकला. वहिनीनं सदरा धरून त्याला मागं ओढलं. धोंडे त्याच्या पुढ्यात कोसळले. त्यांच्यामागून चिखल आला आणि चिखलामागून स्वयंपाकघराचा कोपरा, विटा, फळी, चुलीचा दगड. लाट उसळून दोघांच्या डोक्यावरून गेली. मिस्त्रीच्या हाताला फांद्या लागल्या, त्यानं धरल्या. ओढल्या तरी निघाल्या नाहीत. वहिनी त्याच्या पाठीला चिकटलेली होती, दोघांचं वजन त्या अंगठ्याएवढ्या फांद्यांवर.

मग सगळ्या फटींतून पाणी सुटलं. कोपऱ्याच्या भगदाडातून, दरजांतून, मुळांच्या मधून लाल पाणी बदाबदा ओतू लागलं. पोट पुढं आलेलं तसंच राहिलं. पण आणखी पुढं आलं नाही.

बायको काठावर पालथी पडून हात खाली सोडत होती. "धरा! अहो धरा! जाऊबाई, आधी तुम्ही!"

*

पाऊस थांबला तेव्हा दिवस मावळायला आला होता. स्वयंपाकघराला नदीकडून दार पडलं होतं, एवढं मोठं की त्यातून पलीकडचा किनारा दिसावा. बाकी घर उभं होतं. बायको पुढच्या अंगणात तीन विटा मांडून चूल पेटवत होती आणि ओल्या लाकडांना शिव्या देत होती. तिला रडू येत होतं म्हणून शिव्या देत होती.

मिस्त्री आणि वहिनी काठापासून जरा मागं, भिजलेल्या पोत्यावर बसले होते. नदी उतरली नव्हती. वरच्या अंगाला अजून काळोख होता, त्यात वीज हलत होती. भिंत पाझरत होती. त्या धारांकडे बघत मिस्त्री बोलला.

"त्या दिवशी पण मी बुजवायला लावलं होतं."

वहिनी हलली नाही.

"मी वर माल कालवत होतो. दादाला म्हणालो, तू खाली उतर, हात लांब आहेत तुझे. तो नको म्हणत होता. मीच पाठवलं." त्यानं नदीकडे बोट केलं. "सगळ्यांना सांगितलं, पुरानं पाडली. पुरानं नाही पाडली."

वहिनीनं पदराचं टोक पिळलं.

"त्यांना अंघोळ घालताना नखांत ओलं सिमेंट होतं," वहिनी म्हणाली. "काढून निघत नव्हतं. खराट्याच्या काडीनं काढलं मी, एकेक बोट."

"म्हणजे तुम्हाला—"

"नखांचं माहीत होतं. मी आले तेव्हा ते खाली उतरलेले होते. कुणी उतरवलं, ते माहीत नव्हतं. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. खोटं बोलायची तुमची छाती नाही. आणि सांगितलंत की या घरात मला राहता आलं नसतं, तुमच्या चुलीवरचं खाता आलं नसतं. जाणार कुठं होते मी? डबे घेऊन?" तिनं तोंडावरचा चिखल पदरानं पुसला, पण पदरही चिखलाचाच होता. "म्हणून तोंडच उघडलं नाही. तीन वर्षं भीती वाटायची, चुकून विचारलं जाईल."

"आता?"

"आता सांगितलंत तुम्ही." ती जरा थांबली. "आता काय करायचं, ते मला अजून कळत नाही. उद्या विचारू नका. परवाही विचारू नका."

वर वीज चमकली. भिंतीतून एक धार अचानक जाड झाली, गढूळ, मुठीएवढी, आणि दगडावर आपटू लागली. मिस्त्री ताठ झाला. घमेलं हाताशी होतं, त्यात मूठभर ओला माल अजून होता. त्याचा उजवा हात जमिनीवरून उठला.

वहिनीनं ते बघितलं. या वेळी तिनं मनगट धरलं नाही. फक्त बघत राहिली, श्वास रोखून.

हात हवेत थांबला. मग मिस्त्रीनं तो खाली आणला आणि आपल्या मांडीखाली घातला. दुसराही घातला. त्यावर सगळं वजन टाकून तो बसला, थंडीनं कुडकुडत, डोळे त्या धारेवर लावून. धार वाहत राहिली. वहिनी त्याच्या शेजारी सरकली नाही, पण उठूनही गेली नाही.